ऐन वेळी लागणारे औषध : एका रेल्वेवाल्याचे अनुभव

(गणेशोत्सवात बालाजी घाट येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



वेळात वेळ काढून आलेल्या माझ्या रेल्वेतील सहकाऱ्यांपैकी काही जणांना मराठी पुरते समजत नाही याची मला कल्पना आहे. परंतु माझ्या बोलण्यात सिलिंडर, रेग्युलेटर, वॅगन असेच शब्द जास्त येणार आहेत, तेव्हा त्यांची फार अडचण होणार नाही. आणि शेवटचा प्रसाद तर सर्व भाषांत समजतो.

या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला माणूस. गाड्यांचे डबे आणि वॅगनी तपासणे, चाक तापले का, ब्रेक लागतो का, हे पाहणे हा माझा धंदा. कार्यवाहांनी जेव्हा मला ‘आणीबाणीत औषधे आणि दवाखान्याचे सामान कसे मिळवावे’ या विषयावर बोला असे सांगितले, तेव्हा मी म्हटले, अहो, हे डॉक्टरांना सांगा. ते म्हणाले, डॉक्टर चिठ्ठी लिहितात, धावपळ तुम्ही केली आहे. ते खरे होते, म्हणून उभा राहिलो.

सुरुवात मी माझ्या खात्यापासून करतो, कारण तिथे ही गोष्ट फार मोठ्या आकारात दिसली.

एप्रिल २०२१ आठवा. ऑक्सिजन नाही, ऑक्सिजन नाही, असा सगळीकडे आकांत चालला होता. वस्तुतः ऑक्सिजन देशात होता. बोकारो, राउरकेला, जमशेदपूर, विशाखापट्टणम येथील पोलाद कारखान्यांत तो तयार होत होता. पण हे सगळे कारखाने पूर्वेकडे, आणि धाप लागलेले रुग्ण मुंबईत, पुण्यात, नागपुरात, दिल्लीत. मधल्या हजार-दोन हजार किलोमीटरसाठी पुरेसे टँकर नव्हते. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशाला ठेवावा लागतो, तो कोणत्याही टाकीत भरता येत नाही. नायट्रोजन आणि आर्गॉनचे टँकर साफ करून ऑक्सिजनसाठी वापरायला घेतले, तरीही रस्त्याने जायला-यायला वेळ लागणारच. हवाई दलाची विमाने रिकामे टँकर नेऊन पोहोचवत होती, पण भरलेला टँकर विमानातून आणणे धोक्याचे. तेव्हा भरलेला टँकर आणायला रेल्वे.

आता सांगायला सोपे वाटते की टँकर वॅगनवर चढवा आणि गाडी सोडा. आमच्या धंद्यातल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो, उंची किती? वर पंचवीस हजार व्होल्टची तार आहे. वाटेत पूल आहेत, बोगदे आहेत, फलाटांची छपरे आहेत. मुंबईच्या मंडळींनी वेगवेगळे टँकर मोजले. त्यातला ३३२० मिलिमीटर उंचीचा एक प्रकार चालेल असे ठरले, आणि त्यासाठी १२९० मिलिमीटर उंचीच्या सपाट वॅगनी निवडल्या. बेरीज केली तर ४६१० मिलिमीटर होते. एवढ्या बेरजेवर सगळी गाडी उभी होती. कळंबोलीला ट्रक चढवायला रॅम्प चोवीस तासांत बांधला. १९ एप्रिल २०२१ रोजी सात रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस कळंबोलीहून विशाखापट्टणमला निघाली. उंचीच्या बंधनामुळे घाटाचा जवळचा मार्ग तिला चालेना, म्हणून ती वसईवरून वळसा घालून गेली. अठराशे पन्नास किलोमीटर पन्नास तासांत. तिकडे शंभर टनांहून अधिक ऑक्सिजन भरला. २३ तारखेला तीन टँकर नागपूरला उतरले, आणि उरलेले चार २४ तारखेला सकाळी नाशिकला पोहोचले. त्याच नाशकात तीन दिवस आधी, २१ तारखेला, महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली होती आणि वीसहून अधिक माणसे गेली होती. ही तारीख मी विसरू शकत नाही. टाकी होती, ऑक्सिजनही होता, नळीच्या एका जोडावर सगळे गेले.

आपल्या काशीचाही यात वाटा आहे. २२ एप्रिलला लखनौहून एक गाडी रिकामे टँकर घेऊन वाराणसीमार्गे बोकारोला गेली. लखनौ ते वाराणसी २७० किलोमीटर तिने चार तास वीस मिनिटांत कापले, म्हणजे ताशी बासष्ट किलोमीटर. मालगाडीला असा वेग मिळणे म्हणजे काय, हे माझे सहकारी जाणतात. पुढच्या सगळ्या सिग्नलवाल्यांनी हातात हात घालून रस्ता मोकळा ठेवल्याशिवाय हे होत नाही. परतताना तिचा एक टँकर वाराणसीला उतरवला आणि बाकीचे २४ तारखेला लखनौला गेले. पुढे त्या उन्हाळ्यात रेल्वेने पंधरा राज्यांत मिळून पस्तीस हजार टनांहून अधिक ऑक्सिजन पोहोचवला. एक टन द्रवाचे साधारण शंभर मोठे सिलिंडर भरतात, म्हणजे हिशेब तुम्हीच करा.

त्या गाडीवर मी नव्हतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. ज्या दिवशी तो टँकर वाराणसीला उतरला, त्या दिवशी मी रजेवर होतो आणि इथून तीनशे पावलांवर आमच्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर काकांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलो होतो.

काका तेव्हा अडुसष्ट वर्षांचे, मधुमेही. सकाळी पातळी नव्वद होती, दुपारी शहाऐंशी, चार वाजता चौऱ्याऐंशी. ओळखीचे डॉक्टर फोनवर म्हणाले, खाट मिळेपर्यंत मास्कने मिनिटाला पाच लिटर लावून ठेवा आणि पालथे झोपवा. खाट कुठेच नव्हती. मोबाईलवर आलेल्या पस्तीसेक नंबरांवर मी फोन केले. बहुतेक बंद होते. एका गृहस्थाने आगाऊ पैसे घेतले आणि पुन्हा फोन उचलला नाही. त्याला मी तेव्हा फार शिव्या दिल्या, त्या इथे सांगत नाही.

सप्तसागरच्या दवा मंडीत सकाळीच जाऊन मी एक रेग्युलेटर घेऊन ठेवला होता. शेवटचाच होता, भाव विचारायची सोय नव्हती. संध्याकाळी साडेपाचला आमच्या एका सहकाऱ्याने कुठूनतरी भरलेला सिलिंडर मिळवला आणि मैदागिनहून स्कूटरवर पायांत धरून आणला. पुढे गल्लीतून आम्ही दोघांनी खांद्यावर. वर नेला, रेग्युलेटर लावायला गेलो, आणि तो बसेना.

मंडळी, मी पंचवीस वर्षे पाना हातात धरला आहे. तरी मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते की दवाखान्याच्या ऑक्सिजन सिलिंडरला दोन तऱ्हेची तोंडे असतात. एकाला आतून आटे असतात, त्यात रेग्युलेटरचे गोल नाक फिरवून बसवायचे. त्याला बुलनोज म्हणतात. दुसऱ्याला आटे नसतात, बाजूला दोन बारीक भोके असतात. रेग्युलेटरच्या चौकटीला दोन खुंट्या असतात, त्या भोकांत बसल्या तरच तो आवळतो. त्याला पिन इंडेक्स म्हणतात. ही भोके मुद्दाम प्रत्येक वायूसाठी वेगळ्या जागी ठेवलेली असतात, म्हणजे चुकून गुंगीचा वायू ऑक्सिजनच्या जागी लागू नये. व्यवस्था उत्तम आहे. पण माझ्या हातात खुंट्यांचा रेग्युलेटर होता आणि पुढ्यात आट्यांचा सिलिंडर. रस्त्याने धावायला मीटर गेज आणि ब्रॉड गेज अशी गत. भरलेला ऑक्सिजन खोलीत उभा, आणि काकांच्या नाकापर्यंत तो न्यायला मार्ग नाही.

माझ्या मनात नको ते विचार येऊ लागले. रबरी नळी आणि क्लॅम्प लावून बघू का? भरलेल्या सिलिंडरमध्ये दीडशे किलोचा दाब असतो. तसे काही मी केले नाही, ही गजाननाची कृपा. आपल्यापैकी कुणीही कधीही करू नये. आणि दुसरे, आटे घट्ट आहेत म्हणून तेल किंवा ग्रीस लावायचे नाही. आम्ही रेल्वेवाले सगळ्याला ग्रीस लावतो, ती सवय इथे जिवावर बेतते. शुद्ध ऑक्सिजनच्या दाबाखाली तेल आपोआप पेटते.

मार्ग काढला तो काकूंनी. त्या इतका वेळ काकांचे पाय चेपत होत्या. म्हणाल्या, “अरे, त्या दातांच्या डॉक्टरणीकडे बघ की. माझी दाढ काढली तेव्हा कोपऱ्यात असले काळे नळकांडे उभे होते, डोके पांढरे.”

दातांच्या दवाखान्यात ऑक्सिजन असेल हे मला सुचलेच नसते. पण असतो. खुर्चीवर रुग्णाला भोवळ आली, इंजेक्शनची रिअॅक्शन आली, तर म्हणून लहान सिलिंडर ठेवतात. डॉक्टरताई आपल्याच वस्तीतल्या. साथीमुळे त्यांचा दवाखाना बंद होता, कारण दात कोरताना उडणारे तुषारच धोक्याचे. मी फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आजवर कानात आहे : “तुमच्या सिलिंडरच्या तोंडाला भोके आहेत की आटे?” पस्तीस लोकांपैकी एकानेही मला हे विचारले नव्हते.

त्यांच्याकडचा सिलिंडर भोकांचा होता. माझा रेग्युलेटर त्यावर चपखल बसला. काटा शंभरावर होता. पूर्ण भरलेला दीडशे दाखवतो आणि त्या लहान सिलिंडरमध्ये पूर्ण भरल्यावर साडेसातशे लिटर मावतात. म्हणजे शिल्लक पाचशे. मिनिटाला पाच लिटर, म्हणजे शंभर मिनिटे. हा हिशेब मी जिन्यावरच केला, कारण हिशेब हा एकच आधार होता. पातळी एक्क्याण्णववर आली. आणि तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला, की लंकेच्या बाजूला एका रुग्णालयात खाट रिकामी होते आहे, तासाभरात आणता येईल का?

आमच्या गल्लीत रुग्णवाहिका येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने ओट्यावर चढायचे. वर रस्त्यापर्यंत नेऊन मग सगळ्या शहराला वळसा. काकूच म्हणाल्या, घाट तर खाली आहे. खुर्चीत बसवून चौघांनी काकांना याच बालाजी घाटाच्या पायऱ्यांवरून उतरवले. ज्या मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँसाहेब रियाज करायचे, त्या मंदिराखालून. कर्फ्यूमुळे घाट सुनसान होता. नाव लावणारा मल्लाह ओळखीचा, इंजिन चालू करून बिडी पेटवू लागला. मी ओरडलो. त्याने सिलिंडरकडे पाहिले, बिडी गंगेत टाकली आणि म्हणाला, “अब अस्सी पहुँच के ही पीयेंगे, बाबू.” काका आडवे, सिलिंडर माझ्या दोन गुडघ्यांत, इंजिनापासून लांबच्या टोकाला. चार-पाच किलोमीटर प्रवाहाच्या उलट. अस्सीला उतरलो तेव्हा काटा पन्नासाच्या खाली गेला होता. गाडी उभी होती. काका त्या रात्री खाटेवर पोहोचले.

विशाखापट्टणमहून नाशिकपर्यंत हजारो किलोमीटर आणि बालाजी घाटाहून अस्सीपर्यंत चार-पाच. दोन्हीकडे वस्तू होतीच, अडले ते मापावर.

काका दोन आठवड्यांनी घरी आले. आम्ही पेढे वाटले. माझे भाषण इथेच संपले असते तर बरे झाले असते.

आठ दिवसांनी काका म्हणू लागले की उजवीकडच्या वरच्या दाढा दुखतात, हलतात, गाल बधिर वाटतो. आम्हाला वाटले अशक्तपणा असेल. काकूंनी लवंगेचे तेल लावले. एक दाढ फारच हलू लागली तेव्हा ती काढून टाकावी म्हणून त्याच डॉक्टरताईंना विनंती केली. त्या पूर्ण पोशाख चढवून घरी आल्या, बॅटरीने टाळू पाहिला, आणि दाढेला हातही लावला नाही. म्हणाल्या, टाळूवर काळा डाग आहे, उद्यापर्यंत थांबू नका, आजच मोठ्या रुग्णालयात न्या. ती काळी बुरशी होती. मधुमेह, करोना आणि त्यावरची स्टेरॉइड औषधे, अशा तिघांच्या संगनमताने त्या मे महिन्यात ती देशभर पसरली. कित्येकांची सुरुवात दातदुखीनेच झाली. दात दुखतो म्हणून तो काढून मोकळे होण्याची आपली पद्धत. त्या दिवशी तसे झाले असते तर मूळ आजार कळायला आणखी दिवस गेले असते.

त्यावरचे औषध ॲम्फोटेरिसिन. बाजारात एकदम दिसेनासे झाले आणि सरकारने राज्यवार वाटप आपल्या हाती घेतले. आम्ही सगळ्या नातेवाइकांना कामाला लावले. नागपूरचे आमचे मेहुणे चिठ्ठीची प्रत घेऊन चार दिवस फिरले आणि त्यांनी सहा कुप्या मिळवल्या. भाचा त्या थर्मासमध्ये बर्फात घालून दानापूरच्या विशेष गाडीत बसला. इटारसीला, जबलपूरला बर्फ बदलला. दीनदयाळ उपाध्याय जंक्शनवर, म्हणजे आपल्या मुगलसरायला, मी त्याला उतरवून घेतले. पोराने रात्रभर तो थर्मास मांडीवरून खाली ठेवला नव्हता.

डॉक्टरांनी कुपी उजेडात धरली आणि म्हणाले, “हे साधे ॲम्फोटेरिसिन आहे. मी लायपोसोमल लिहिले होते.” चिठ्ठीवर तसे लिहिले होते, खरे आहे. पण अक्षर डॉक्टरांचे, फोनवर वाचणारा मी, लिहून घेणारे मेहुणे. मधला तो शब्द माझ्याकडूनच गळला. साधे औषध मूत्रपिंडाला जड जाते आणि काकांचे मूत्रपिंड आधीच कुरकुरत होते. मात्राही वेगळी. साठ किलोच्या माणसाला साधे औषध रोज साठ मिलिग्रॅमच्या आसपास लागते, लायपोसोमल तीनशे. पन्नास मिलिग्रॅमच्या सहा कुप्या म्हणजे साध्याचे पाच दिवस आणि लायपोसोमलचा फक्त एक दिवस. आम्ही ‘सहा मिळाल्या’ म्हणून जो आनंद केला, त्यात किती दिवसांचे औषध मिळाले हे कुणी विचारलेच नव्हते. आणखी एक मला तिथल्या नर्सताईंनी सांगितले. हे औषध नेहमीच्या सलाइनमध्ये घातले तर फाटते, त्याला पाच टक्के डेक्स्ट्रोजचेच पाणी लागते. म्हणजे औषध मिळाले तरी सोबतची बाटली चुकली की गेले.

त्या सहा कुप्या वाया गेल्या नाहीत. मूत्रपिंड धड असलेल्या एका तरुण रुग्णाला डॉक्टरांनी रीतसर नोंद करून त्या दिल्या. काकांचे औषध सरकारी वाटपातून रुग्णालयाकडे चार दिवसांनी आले. त्याच महिन्याच्या अखेरीस आपल्या वर्ध्याला जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीत याच औषधाचे उत्पादन सुरू झाले, ते वाचून मला फार बरे वाटले. पण तोपर्यंत काकांचा उजवीकडचा वरचा जबडा काढावा लागला होता. ते चार दिवस आधी मिळाले असते तर काही वाचले असते का, असे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, सांगता येत नाही. मीही पुन्हा विचारले नाही. मेहुण्यांना मात्र अजून मी हे पुरते सांगितलेले नाही. आज ते इथे नाहीत, म्हणून बोललो.

टाळूला भोक पडले की खाल्लेले नाकात जाते आणि बोललेले कुणाला कळत नाही. त्यासाठी दातांसकट एक प्लेट करून बसवतात, ती भोक बंद करते. काका आता तीच लावतात. मागे एकदा गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी ती प्लेट हातातून मोरीत पडली आणि तडकली. दुसऱ्या दिवशी घरी गणपती, आरती काकांनीच म्हणायची, आणि काकांच्या तोंडून एक अक्षर स्पष्ट निघेना. पुन्हा डॉक्टरताई. त्यांच्याकडे डागडुजीची गुलाबी पावडर होती, पण ती ज्या द्रवात कालवायची त्या द्रवाची बाटली उघडली तर तळाशी वाळलेले कवच. तो द्रव उडून जातो, आणि ज्वालाग्राही असल्याने कुरियरवाले सहसा घेत नाहीत. दुकाने बंद झालेली. या वेळी मात्र मी आधी विचारले, की कोणता द्रव, किती मिलिलिटर, थंड जमणारा की उकळून शिजवायचा, आणि हा कुणाकुणाला रोज लागतो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. कवळ्या बनवणाऱ्या कारागिराला. ताईंनी नाव सांगितले, मी सायकलवर गेलो, तो जेवत होता. त्याने हात धुऊन औषधाच्या छोट्या काचेच्या बाटलीत पंधरा मिलिलिटर दिले, पैसे घेतले नाहीत. रात्री नऊला प्लेट जमली. सकाळी आरती झाली.

आता समितीपुढे माझे एक म्हणणे आहे, त्यासाठीच मी एवढा वेळ घेतला.

रेल्वेत अपघात झाला तर जाणारी एक वैद्यकीय गाडी असते. ती आपल्या सायडिंगवर कायम उभी असते, आत औषधे, शस्त्रक्रियेचे सामान, सगळे यादीप्रमाणे. बोलावणे आल्यापासून पंधरा मिनिटांत ती निघाली पाहिजे, आणि सायडिंगला एकाच बाजूने वाट असेल तर वीस मिनिटांत. ठरावीक मुदतीने सामान तपासले जाते, मुदत संपत आलेले बदलले जाते. आणि तिची एक जादा किल्ली काचेच्या पेटीत टांगलेली असते. किल्लीवाला कुठे गेला हे शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून काच फोडायची. ही साधी गोष्ट कुणा शहाण्याने मार खाऊनच शोधली असणार.

आपल्या समितीकडे मागच्या खोलीत लोखंडी कपाट आहे. त्यात तूर्त जुन्या आरत्यांची पुस्तके आणि तुटका हार्मोनियम आहे. यंदाच्या वर्गणीतून त्याचा एक खण मोकळा करावा. औषधे ठेवू नयेत, ती आपल्याच्याने सांभाळली जाणार नाहीत, मुदत संपेल आणि कुणीतरी ती घेईल. ठेवायचे ते असे : दोन रेग्युलेटर, एक आट्यांचा, एक भोकांचा, त्यांचे वॉशर आणि सिलिंडर उघडायची चावी. मास्क आणि नळ्या. दोन ऑक्सिमीटर, त्यातले सेल काढून शेजारी ठेवलेले. एक चांगला थर्मास. काकांना उतरवली तशी दणकट हातांची एक खुर्ची. आणि एक वही. वहीत आपल्या वस्तीत कोणाकडे काय रोज वापरात असते ते लिहावे. फक्त डॉक्टर नव्हेत. दातांचे दवाखाने, कवळीवाला, मोटरबोट असलेले दोन-तीन मल्लाह, बर्फवाला, आणि रात्री गाडीला जाणारा आमच्यापैकी कोण. नंबर दरवर्षी गणपती बसायच्या आधी एकदा लावून पाहावेत. वहीच्या पहिल्या पानावर मी एक मजकूर लिहून दिला आहे : औषधाचे पूर्ण नाव चिठ्ठीवरून अक्षर-अक्षर वाचा, त्याचा प्रकार विचारा, किती मिलिग्रॅमच्या किती कुप्या आणि त्या किती दिवस पुरतील ते विचारा, थंड ठेवायचे का ते विचारा, सोबत दुसरे काय लागते ते विचारा, आणि शक्य तर चिठ्ठीचा फोटो पाठवा, तोंडी सांगू नका. तो शेवटचा मुद्दा माझ्या मेहुण्यांच्या वतीने आहे.

रेग्युलेटर दोन्ही मी आणले आहेत. एक तोच, सप्तसागरचा. डॉक्टरताई समोर बसल्या आहेत, त्यांना पुढे बोलावून सत्कार करायचा बेत होता, पण त्यांनी निक्षून नकार दिला आहे. त्यांनी फक्त खुंट्या आणि आटे दोन्ही तरुण मंडळींना हाताने बसवून दाखवायचे कबूल केले आहे, आरतीनंतर, मागच्या खोलीत. ज्यांना काकांना भेटायचे आहे त्यांनी उजव्या बाजूला बसून बोलावे, त्यांना त्या कानाने नीट ऐकू येते.

काचेची पेटी मी स्वखर्चाने करून आणली आहे. कपाटाची किल्ली आत टांगली आहे. काच फोडायची छोटी हातोडी बाहेर साखळीला आहे. लहान मुलांनी कृपा करून तिला हात लावू नये.